इंजिन खोलण्याआधी

भाऊ, बोलेरो 3 लाख किमी चालली म्हणून लगेच इंजिन खोलायला देऊ नकोस. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपास. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढ. आतून भकाभका धूर आला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (आतलं अस्तर) झिजलेत. तरी ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) तडा नसेल तर मी दुसरं न घेता मूळ इंजिनच बांधून घेईन. जुन्या बाजारातलं इंजिन आतून कसंय कुणाला ठाऊक! शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद आलीच.

गिअरबॉक्सचं ऑइल काढून बोटांवर चोळून बघ. बारीक चमक चालते, गिअरच्या दाताचा तुकडा लागला तर खोल. नुसता क्लच घसरत असेल तर प्लेट बदल.

आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, खालून स्वतः बघ. ती गंजून गेली असेल तर इंजिनावर रुपयाही घालू नकोस.