धनुष्य घेण्याआधी एवढं वाच

भावा, कोणतं धनुष्य घेऊ, त्याने हरीण मारता येईल का, घरी बंदूक बनवू का असं विचारलंस, तर पहिलं म्हणजे जड धनुष्य घेऊ नको. नवी पोरं जोशात ३५ पाउंडाचं (म्हणजे दोरी ताणायला तेवढा जोर लागतो असं) उचलतात, मग खांदा कानाला लागतो, हात थरथरतो आणि बाण कुठे गेला ते विचारूच नको. १८-२० पाउंड बास, सुरुवात दहा मीटरवरून, नेमाचं नंतर बघू, आधी दोरी दर वेळी हनुवटीखाली एकाच जागी आली पाहिजे.

- बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, धनुष्य तडकतं.
- आर्मगार्ड (दोरीचा फटका लागू नये म्हणून हाताला बांधायची पट्टी) आणि फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचा चामड्याचा तुकडा) पहिल्या दिवसापासून.

स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर राहावं म्हणून लावायचा दांडा) वगैरे आत्ता डोक्यातून काढ. आणि हरणाचं म्हणशील तर शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, घरी बंदूक बनवायचं तर नावच काढू नको. काळवीट बघायचेत ना, येवल्याकडे ममदापूरला दुर्बीण घेऊन सकाळी लवकर जा.