हिरोचा घोडा आणि त्याचा डुप्लिकेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘द लोन रेंजर’ या अमेरिकन काउबॉय टीव्ही मालिकेचे जुने भाग पाहताना नायकाचा पांढरा घोडा सिल्व्हर कधी भारदस्त, तर कधी सडपातळ वाटतो. घोडा एकच होता का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. तुमची नजर बरोबर आहे. १९४९ ते १९५७ चाललेल्या या मालिकेत सिल्व्हर म्हणून मुख्यतः दोन घोडे वापरले गेले. क्लोजअपचा घोडा दिव्यांच्या झगमगाटात, आजूबाजूला माणसांची वर्दळ असतानाही स्तब्ध उभा राहावा लागतो. त्यालाच चार-पाच टेक भरधाव पळवला, तर तो घामाने निथळतो, धापा टाकतो आणि पुढच्या संवादाच्या शॉटला चालत नाही. म्हणून पळणारा वेगळा, उडी मारणारा वेगळा, पडणारा तर अगदीच वेगळा. काउबॉयपटांचा गायक-नायक रॉय रॉजर्स याच्या सोनेरी घोड्याला, ट्रिगरलाही ‘लिटल ट्रिगर’ हा जोडीदार होता; लोकांसमोरच्या कार्यक्रमांत कसरती बहुधा तोच करी.

फरक ओळखायचा तर खोगीर-लगामाकडे पाहू नका. ते मुद्दाम तेच ठेवतात आणि नजर तिथेच फसते. पांढऱ्या घोड्यात कानांची ठेवण, मानेची जाडी आणि आयाळ कोणत्या बाजूला पडते ते पाहा. इतर रंगांत कोणत्या पायाला कुठवर पांढरे आहे ते पाहा. अबलख, म्हणजे अंगावर मोठे पांढरे आणि रंगीत डाग असलेल्या घोड्याचा जोड मिळणे सर्वांत कठीण, कारण त्याच्या डाव्या अंगाचे डाग एक आणि उजव्या अंगाचे भलतेच. ‘बोनान्झा’ या काउबॉय मालिकेतल्या लिटल जो या पात्राचा घोडा कोचीज असाच अबलख होता. शिवाय ती मालिका १९५९ पासून, पहिल्या भागापासूनच रंगीत. कृष्णधवल चित्रात खपून जाणारा फरक तिथे लपत नाही.

प्रश्न : गोळी लागताच धावता घोडा कोसळतो. त्याला तार लावून पाडतात का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पूर्वी लावत, आणि ती निव्वळ क्रूरता होती. ‘रनिंग डब्ल्यू’ या पद्धतीत पुढच्या पायांना बांधलेली तार तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) कडीतून जाई आणि तिचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला असे. तार संपली की पाय खेचले जात आणि घोडा तोंडावर आपटे. पाय मोडत, घोडे मरत. १९३९च्या ‘जेसी जेम्स’ या चित्रपटात घोड्याला कड्यावरून पाण्यात ढकलले गेले, त्याच्या मृत्यूवरून संताप उसळला. त्यानंतर अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन या प्राणिरक्षक संस्थेने चित्रीकरणांवर देखरेख सुरू केली.

टीव्हीच्या काळात मान मिळाला तो शिकवून तयार केलेल्या ‘फॉलिंग हॉर्स’ला. हे अडखळणे नव्हे, वेगात आडवे होणे आहे. आधी उभ्या घोड्याचा डावा पुढचा पाय दुमडून धरतात, लगाम ओढून मान उजवीकडे वळवतात आणि तो डाव्या अंगावर अलगद बसेपर्यंत थांबतात. मग हेच चालताना, दुडकीत आणि शेवटी दौडीत. मान वर वळलेली असल्याने डोके आपटत नाही. पडण्याची जागा आधी खणून, दगड वेचून, वाळू-भुसा घालून मऊ करतात. स्वाराची पडत्या बाजूची रिकीब रबराची असते, नाहीतर पाय खाली चेंगरेल.

चुका दोन. लगाम क्षणभर उशिरा ओढला, तर मऊ केलेली जागा मागे राहते. आणि एकाच जागी फार टेक घेतले, तर घोडा आधीच ओळखून वेग कमी करतो. मग पडणे खोटे दिसते.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लघुपटासाठी वरातीच्या दोन पांढऱ्या घोड्या मिळत आहेत. एक पडताना दाखवायची आहे.
– विद्यार्थी, खारघर

उत्तर : पाडू नका. वरातीची घोडी बँडच्या गजरात संथ चालायला शिकलेली असते, पडायला नाही. डांबरी रस्त्यावर पळवूही नका, टाप घसरते. प्राणी वापरण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. अर्ज तारखा ठरवण्यापूर्वीच करा. पडणे तीन शॉटमध्ये दाखवता येते : लगाम खेचणारा हात, गादीवर घरंगळणारा स्वार आणि रिकाम्या खोगिरासह दुडकत जाणारी घोडी. दोन्ही घोड्यांच्या अंगावरच्या खुणा जुळवायला केसांचा डाय वापरू नका, कातडी भाजते. धुऊन जाणारा निर्धोक रंग पशुवैद्याला विचारून, आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहा. खाडीकाठच्या दमट हवेत तो घामाबरोबर ओघळतो. त्यामुळे डुप्लिकेटचे शॉट सकाळी लवकर आणि लांबून घ्या.