हळदीचं रान विकून नीटचे क्लास लावावेत का?

प्रश्न : वसमत तालुक्यात आमची ५ एकर शेती आहे. २ एकरांत हळद, बाकी सोयाबीन. मुलीला दहावीत ९३ टक्के पडले, गणितात ९८ गुण. तिनं डॉक्टर व्हावं अशी तिच्या आजीची फार इच्छा. लातूरला दोन वर्षांच्या क्लासचे २ लाख ६० हजार, शिवाय होस्टेल-मेस आणि इंटिग्रेटेड (क्लासशी जोडलेलं) कॉलेज धरून सव्वापाच लाख सांगितलेत. नांदेडचा क्लास वर्षाला ८५ हजारांत होतो, पण लोक म्हणतात, पाठवायचं तर लातूरलाच. घर आणि शेती भागवून वर्षाला १ लाख २० हजार मागं राहतात. बँकेत दीड लाखाची ठेव, ६ तोळे सोनं, मुलीच्या सुकन्या खात्यात २ लाख ५ हजार. धाकटा मुलगा सातवीत. हळदीच्या रानातला १ एकर शेजारी १४ लाखांना मागतोय. देऊन टाकावा का?
– एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

उत्तर : दादा, रान देऊ नका. क्लाससाठी तर अजिबात नको.

तुम्हाला सांगितलेला आकडा आधी तपासून बघू. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. २ लाख ६० हजारांत तो धरलाय का, हे विचारलंत का? धरला नसेल तर ४६ हजार ८०० रुपये वरून आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिशोब दोनच वर्षांचा आहे. नीट देणारी किती तरी लेकरं बारावीनंतर आणखी एक वर्ष रिपीट करतात, आणि त्या वर्षाचे पैसे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. तुमच्याच दरानं क्लास आणि ११ महिन्यांचं होस्टेल धरलं तर आणखी सव्वादोन लाख होतात. म्हणजे सव्वापाच नाही, साडेसात लाखांची तयारी ठेवून लातूरला निघावं लागेल.

एवढं करून हातात येते ती एक संधी. २०२५ च्या नीटला देशभरात २२ लाखांवर मुलं बसली. त्यातली १२ लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या निम्म्याच सरकारी. पात्र होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. क्लासच्या बोर्डावर बहुतेक वेळा पहिला आकडा लिहिलेला असतो. त्या-त्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा राखणारा ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये गेला आणि आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना राज्यभरातल्या जागा खुल्या झाल्या, हे फार चांगलं झालं. म्हणून वाट सोपी झाली असं मात्र नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं ती सांगतो. पत्रात आजीची इच्छा आहे, लोकांचं म्हणणं आहे, शेजाऱ्यानं लावलेला भाव आहे. मुलीचं म्हणणं नाही. पण गणितातले ९८ तुम्ही आवर्जून लिहिलेत, म्हणजे तुमच्याही मनात ते आहेच. नीट ७२० गुणांची असते. त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे. गणित त्यात विचारतच नाहीत. उलट एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. तिचा इंजिनिअरिंगसाठीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट २०० गुणांचा असतो आणि त्यात १०० गुण गणिताचे. प्रश्न राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर, अकरावीचा २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, आणि उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्या वाटेवर श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था नांदेडलाच आहे, १९८१ पासून. तुमच्या लेकीचा जो विषय सगळ्यात पक्का, तो ज्या परीक्षेत नाहीच तिच्यावर साडेसात लाख लावायचे आणि त्यासाठी हळदीचं रान द्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

तिनं डॉक्टर होऊ नये असं मी म्हणत नाही. तिला मनापासून व्हायचं असेल तर जरूर व्हावं, आपल्या गावांना डॉक्टर हवेच आहेत. म्हणून अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवा. क्लासवाले गणित सोडायला सांगतील, वेळ वाया जातो म्हणतील. ओझं वाढतं हे खरं आहे. पण गणित नसेल तर इंजिनिअरिंगचा रस्ता बंद, जीवशास्त्र नसेल तर मेडिकलचा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या बीएस्सी ॲग्रीला सीईटीचा कुठलाही गट चालतो, तोही रस्ता उघडा राहील. दोन्ही विषय ठेवायला खर्च जवळजवळ काहीच नाही. तुमच्या अख्ख्या हिशोबात इतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. अकरावीचं वर्ष सरेपर्यंत तिचं तिलाच कळेल.

माझं मत नांदेडच्या बाजूनं आहे. ८५ हजार क्लास, महिना ७ हजारांनी ११ महिन्यांचं होस्टेल ७७ हजार, कॉलेज आणि पुस्तकं मिळून १८ हजार धरा. वर्षाला १ लाख ८० हजार, दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार. दोन वर्षांची शिल्लक २ लाख ४० हजार, ठेवीतले १ लाख काढले की ३ लाख ४० हजार झाले. राहिले २० हजार, तेवढे जुळतात. ठेवीतले ५० हजार मात्र मोडू नका. एक पाऊस दगा देतो आणि सगळा हिशोब फिरतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. रविवारी लेकरू घरी येऊ शकतं हा नांदेडचा आणखी एक फायदा. सोळा वर्षांच्या मुलीसाठी मला तो मोठा वाटतो.

फी एका वर्षाचीच भरा, तीही दोन हप्त्यांत. हळद मोंढ्यावर घालून पट्टी हातात आली की पहिला, सोयाबीन निघालं की दिवाळीनंतर दुसरा. दोन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट देतो म्हणतील, त्या सुटीच्या मागं लागू नका. मूल मध्येच क्लास सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, होस्टेल-मेसचेही उरलेले पैसे द्यावेत, असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. पण दिलेला पैसा परत आणायला खेटे कुणाला घालावे लागतात? पीककर्जही फीकडे वळवू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, मुदत हुकली की ती सवलत गेली.

सुकन्याच्या पैशाला आत्ता हात लावू नका. दहावी झाल्यावर शिक्षणासाठी त्यातून पैसे काढता येतात हे बरोबर आहे, पण मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मेच, आणि तेही शिक्षणसंस्थेचा प्रवेश किंवा फीची पावती दाखवून. क्लासच्या फीसाठी ते नाहीत. महिन्याला १ हजार भरत राहिलात आणि ८.२ टक्के दर टिकला, तर दोन वर्षांनी खात्यात अडीच लाखांच्या पुढं जमतील. पदवीच्या प्रवेशाला निम्मे काढा.

रान का नको ते आता सांगतो. बँक क्लासला शैक्षणिक कर्ज देत नाही, पदवीला देते. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाही, आणि कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. म्हणजे पदवीला बाहेरून पैसा उभा राहतो, क्लासला घरातलाच लागतो. म्हणून क्लास घरच्या शिलकीत बसेल एवढाच असावा. शेजारी मागतोय तो एकर हळदीचा आहे. वर्षाला जे मागं राहतं त्यातला मोठा वाटा त्याच हळदीचा असणार. तो गेला तर चार वर्षांनी धाकटा अकरावीत जाईल तेव्हा हातात काय राहील? जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यात लेकीचाही मुलाइतकाच हक्क आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून.

मुलींसाठी एक मोठा आधार आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधली असेल, तर कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक पदवीची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. मात्र कागद हातात पाहिजेत : उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेयर, आणि जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज ती कॉलेजात असतानाच टाका. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणारे पालक दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात आणि त्यांचे चेहरे मला बघवत नाहीत. ओबीसीचा दाखला असेल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या मोफत ऑनलाइन प्रशिक्षणाची जाहिरातही बघत राहा. त्यात टॅब आणि इंटरनेट मिळतं.

राहिला अकरावीचा अर्ज. २०२५ पासून तो राज्यभर ऑनलाइन आहे आणि १० पर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून लातूरचं नाव ‘बघू तरी’ म्हणून वर टाकू नका. नांदेडच्या ज्या कॉलेजात गणित आणि जीवशास्त्र दोन्ही मिळतात आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात ते शोधा. फोनवर न विचारता लेकीला घेऊन एकदा एसटीनं जाऊन या, आणि पसंतीक्रम तिलाच भरू द्या.