टेक्सासमध्ये २०२१च्या हिमवादळानंतर हजारो डॉलरची वीजबिलं कशी आली? आम्ही डॅलसला राहायला जातोय, आमच्यावरही तशी वेळ येईल का?

तशी वेळ येणार नाही. ज्या करारामुळे ती बिलं आली, तो घरगुती ग्राहकाला विकण्यावर राज्याने २०२१मध्येच बंदी घातली. थंडीत बिल फुगायच्या बाकीच्या वाटा मात्र उघड्या आहेत.

आपल्याकडे आयोग दर ठरवतो आणि महावितरणचं बिल स्लॅबप्रमाणे येतं. डॅलसमध्ये तारा ऑनकॉरच्या, पण वीज विकणाऱ्या कंपन्या ढीगभर. त्यातली एक आपण निवडायची. त्यातल्या ‘ग्रिडी’चा करार असा होता: महिन्याला ९.९९ डॉलर फी भरा आणि वीज घाऊक बाजारभावाने घ्या. एरवी हा भाव युनिटला दोन-तीन सेंट असायचा, त्यामुळे लोक खूश होते.

फेब्रुवारी २०२१मध्ये गॅसच्या विहिरींपासून पवनचक्क्यांपर्यंत सगळंच गोठलं. ग्रिड चालवणाऱ्या ‘अर्कॉट’ने लाखो घरांची वीज तोडली. राज्याच्या आयोगाने १५ तारखेला हुकूम काढला की लोडशेडिंग चालू असेपर्यंत घाऊक भाव कमाल मर्यादेवरच ठेवा. ही मर्यादा होती युनिटला ९ डॉलर! लोडशेडिंग १७च्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबलं, तरी भाव १९च्या सकाळपर्यंत तिथेच ठेवला. हे मला आजही पटत नाही.

आता इथल्या घरांचा हिशेब बघा. बरीच घरं विजेवरच तापतात. हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारं यंत्र) कडाक्याच्या थंडीत कमी पडला की ‘ऑक्झिलरी हीट’ सुरू होते, म्हणजे सरळ हीटरची कॉइल. पाच किलोवॉटची कॉइल दहा तास चालली तर ५० युनिट, म्हणजे ९ डॉलरच्या भावाने एका दिवसाचे ४५० डॉलर. ज्यांच्याकडे दिवे गेले ते गारठले. ज्या ग्रिडीवाल्यांकडे राहिले त्यांच्या कार्डातून पैसे वळते होत राहिले. वादळाआधी ग्रिडीनेच ग्राहकांना दुसरी कंपनी गाठायला सांगितलं होतं. मार्चमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि ग्राहकांची थकलेली बिलं पुढे माफ झाली.

स्थिर दरवाल्यांची बिलं फक्त वापराइतकी वाढली. पण ते सुटले असं समजू नका. त्या आठवड्याचं देणं भागवायला अब्जावधींचे रोखे काढलेत आणि त्यांचे हप्ते वर्षानुवर्षं ग्राहकांकडूनच वसूल होणार आहेत.

तुम्ही स्थिर दराचाच प्लॅन घ्या. ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ हा प्लॅनचे दर आणि अटी सांगणारा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. काही प्लॅन १,००० युनिट ओलांडले तरच मोठी सूट देतात. जाहिरातीतला स्वस्त दर त्या सूटीसकट मोजलेला असतो आणि ९८० युनिटला तोच प्लॅन महाग पडतो. करार संपायची तारीख फोनमध्ये टाका, नाहीतर कंपनी दरमहा बदलत्या दरावर टाकते. आणि थर्मोस्टॅटवरचं ‘एमर्जन्सी हीट’ बटण हीट पंप बिघडल्याशिवाय दाबू नका, त्याने पंप बंद होऊन नुसती कॉइल चालते. नवीन आलेली मंडळी पहिल्या थंडीत हमखास ते दाबतात.

घर डेंटनला घेतलंत तर यातलं प्लॅन निवडणं बहुधा नसेलच. तिथे शहराची स्वतःची वीज कंपनी आहे. म्हणून भाडेकरार करण्यापूर्वी त्या पत्त्यावर वीज कोण देतं ते विचारा.