मेटा टॅगमध्ये शंभर कीवर्ड भरूनही माझी आंब्याची वेबसाइट गूगलवर वर का येत नाही?

देवगडला तुमची हापूसची बाग आहे, वेबसाइटवरून पेट्या विकता आणि मेटा कीवर्ड्समध्ये शंभर शब्द भरूनही साइट मागेच राहते, असं तुम्ही लिहिलंय. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनांसाठी लिहिलेली माहिती, आणि त्यातल्या त्या शंभर शब्दांचा गूगलवर काहीच उपयोग होत नाही. क्रमवारी ठरवताना कीवर्ड्स मेटा टॅग बघत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. हा टॅग वाचकाला दिसत नाही, म्हणून लोक त्यात वाट्टेल ते कोंबायचे आणि त्यावरचा भरवसा उडाला. तरी आजही तो भरून देण्याचे पैसे घेतले जातात, याची मला मनापासून चीड आहे.

मात्र सगळेच मेटा टॅग निकामी नाहीत. आधी एक तपासा. संगणकावर तुमचं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, पानाचा कोड दिसेल. त्यात रोबोट्स (robots) नावाचा मेटा टॅग असून त्यापुढे 'नोइंडेक्स' (noindex), म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका', असं लिहिलेलं नाही ना, ते शोधा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साइट बनत असताना सर्च इंजिनांना दूर ठेवायची टिकमार्क करून ठेवतात, आणि नंतर ती काढायची राहून जाते. ती असेल तर बाकी कितीही राबलात तरी पान गूगलमध्ये येणार नाही.

मग टायटल, म्हणजे गूगलच्या यादीत लिंक म्हणून दिसणारं पानाचं नाव. तुमच्या पानाचं टायटल 'होम' असेल तर आजच बदला. 'देवगड हापूस आंबा, ५ डझन पेटी, थेट बागेतून' असं काहीतरी हवं, आणि प्रत्येक पानाचं वेगळं. गूगल कधी कधी स्वतःच्या मनाने टायटल बदलून दाखवतं, पण नेमकं लिहिलेलं बहुधा टिकतं. डिस्क्रिप्शन म्हणजे पानाची थोडक्यात ओळख देणारा मेटा टॅग, त्यामुळे क्रमांक वर चढत नाही. पण लिंकखाली त्या ओळी दिसल्या तर त्या वाचूनच माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो, म्हणून तिथे भाव, घरपोच कुठे देता आणि आंबा कसा पिकवता हे लिहा.

खरे कीवर्ड तुमच्या फोनमध्ये आहेत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर काय विचारतं? 'पेटी कितीला?', 'आढीतला आहे की कार्बाइड लावलंय?', 'पुण्यात घरपोच द्याल का?', 'डागी निघाला तर?' हेच प्रश्न पानावर जसेच्या तसे घाला आणि खाली खरी, सविस्तर उत्तरं द्या. आढी कशी घालता, गवत कोणतं, किती दिवस लागतात, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? नुसत्या 'आंबा' या शब्दावर मोठ्या दुकानांशी झुंजत बसू नका. 'देवगड हापूस पुणे घरपोच' शोधणारा खरंच घ्यायला आलेला असतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर नोंदणी क्रमांकही लिहा, पण एकच शब्द प्रत्येक ओळीत पेरू नका, गूगल त्याला स्पॅम समजतं.

हे सगळं युनिकोड मराठीत, म्हणजे फोनवर टाइप होते तशा मराठीत, टाइप केलेलं हवं. दरपत्रकाचा नुसता फोटो लावलात किंवा छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉण्टमधला मजकूर तसाच चिकटवलात, तर शोधणाऱ्याच्या शब्दांशी तो जुळणार नाही. रोमन अक्षरांत टाइप करणारेही पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळं करा.

गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडा. कोणत्या शब्दांवर तुम्ही दिसलात आणि किती जणांनी क्लिक केलं, ते तिथे कळतं. दिसता पुष्कळ, पण क्लिक कमी, असं असेल तर आधी टायटल आणि डिस्क्रिप्शनकडे बघा.

आणि हंगाम संपला की पान उडवू नका. दरवर्षी पानाचा नवा वेब-पत्ता काढलात तर इतर साइट्सनी जुन्या पानाला दिलेल्या लिंका वाया जातात. त्याच पानावर 'पुढची नोंदणी जानेवारीत' असं लिहा आणि जानेवारी आला की नवे दर टाका.