कंडरा, स्नायुबंध आणि मूलपेशींचे वळण

भौतिकोपचार शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने टेंडनवरील संशोधनाचा विषय मराठीत असा मांडला आहे : 'संरेखित कोलॅजेनच्या सांगाड्याने मूलपेशींना मार्गदर्शन करून स्नायुबंधाची दुरुस्ती'. हे बरोबर आहे का, असा तिचा प्रश्न आहे. (कोलॅजेन म्हणजे शरीरातले तंतुमय प्रथिन, आणि मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, जिच्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात.) व्याकरणाने वाक्य शुद्ध आहे, परंतु त्यातील चार शब्द बदलावेत असे मला वाटते.

पहिला शब्द 'स्नायुबंध'. हाडाला हाड बांधतो तो लिगामेंट आणि स्नायूला हाडाशी जोडते ते टेंडन. 'स्नायुबंध' हा शब्द मराठीत दोहोंसाठी वापरलेला आढळतो, म्हणून टेंडनला 'कंडरा' असेच म्हणावे. हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात पेशी 500, स्नायू 900 आणि कंडरा 16 अशी गणना आहे, आणि वाटोळ्या स्नायूंना कंडरा म्हणावे असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे आज आपण ज्याला स्नायू म्हणतो ती सुश्रुताची पेशी, आणि त्याचा स्नायू म्हणजे बांधणारा दोर. अनेक बंधनांनी आवळलेली फळ्यांची नाव जशी पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते, असा त्याचा दृष्टांत आहे. पुढे मराठीने 'स्नायू' हा शब्द मांसाला दिला आणि 'पेशी' हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकाला. हिंदीने 'मांसपेशी' ठेवून सूक्ष्म घटकाला 'कोशिका' म्हटले. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. या सगळ्या उलथापालथीत कंडरा मात्र आपल्या जागी राहिली. बोलताना आपण 'टाचेमागची शीर धरली' म्हणतो, पण रक्तवाहिनीही शीरच असल्यामुळे शास्त्रीय लेखनात तो शब्द चालणार नाही.

'कोलॅजेन' तसाच ठेवावा. त्याच्या मुळाशी सरस या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि कातडी व हाडे उकळून केलेला आपला सरस कोलॅजेनपासूनच होतो. बकऱ्याचे पाय साफ करताना हाडामागे जी पांढरी, चकचकीत, सुरीला दाद न देणारी दोरी लागते ती कंडरा. तीच रात्रभर शिजली की रस्सा बोटांना चिकटू लागतो.

'संरेखित' हा शब्द चुकीचा नाही, पण तो ऐकून डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, आणि या विषयात सगळे महत्त्व तंतूंच्या मांडणीला आहे. काथ्याचा विस्कटलेला पुंजका हाताने सहज उसवतो, तोच काथ्या एका अंगाने लावून वळला की त्याच्या सुंभाने भरलेली घागर ओढता येते. निरोगी कंडरेत कोलॅजेनचे तंतू ओढीच्या दिशेने शेजारी शेजारी असतात. कंडरा तुटून भरते तेव्हा व्रणात ते वेडेवाकडे पडतात आणि जोड कमजोर राहतो. म्हणून 'समांतर तंतूंचे कोलॅजेन' म्हणावे. 'एकदिश' सुचण्याजोगा आहे, परंतु 'एकदिश प्रवाह' या रूढ प्रयोगामुळे त्यात वाहण्याचा भास होतो.

'मार्गदर्शन' या शब्दाविषयी मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते. पेशी समांतर तंतूंवर ठेवली की ती त्यांच्या दिशेने लांबट होते, त्यांच्याच रेषेत सरकते, आणि मूलपेशी असेल तर कंडरेच्या पेशीची लक्षणे दाखवू लागते. स्क्लेरॅक्सिस आणि टेनोमोड्युलिन ही दोन प्रथिने म्हणजे ती लक्षणे ओळखण्याची चिन्हे. म्हणजे पेशीला केवळ वाट दाखवली जात नाही, तिचा स्वभावही घडतो. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा शब्द मराठीत आहे : 'वळण लावणे'. कित्ता गिरवणाऱ्या मुलाच्या अक्षराला वळण लागते तेव्हा हाताची दिशा आणि सवय दोन्ही बदलतात. 'समांतर तंतूंच्या कोलॅजेनवर मूलपेशींना कंडरेचे वळण लावणे' असे लिहिले तर जाणकारालाही ते खटकणार नाही.

राहिला 'सांगाडा'. सांगाडा कायमचा असतो. हे कोलॅजेन मात्र पेशी हळूहळू विरघळवतात आणि त्याच्या जागी स्वतःचे विणतात, म्हणून इमारतीला बांधतात ती 'परांची' येथे अधिक नेमकी आहे : भिंत उभी राहीपर्यंत गवंड्याला पाय ठेवायला जागा देणारी आणि काम झाले की उतरवली जाणारी.