लिन्सांग हे उदमांजर आहे का?

दिसायला हो, पण आशियातले लिन्सांग आता उदमांजरांत धरत नाहीत.

लांबुळकं सडपातळ अंग, पट्टे किंवा ठिपके, जवळजवळ अंगाएवढीच शेपूट, वावर रात्रीचा आणि बराचसा झाडांवर. त्यामुळे त्यांना वर्षानुवर्षं उदमांजरांच्या विव्हेरिडी कुळातच ठेवलं होतं. 2003 साली डीएनए तपासून गोबेर आणि व्हेरों या संशोधकांनी दाखवलं, की हे प्राणी मांजर कुळाचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक आहेत! म्हणून आज त्यांचं वेगळं कुळ मानतात : प्रायोनोडॉन्टिडी. त्यात जाती दोनच. पट्टेरी लिन्सांग मलय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बोर्निओ भागातला; ठिपकेदार लिन्सांग नेपाळ, ईशान्य भारतापासून व्हिएतनामपर्यंत. उदमांजरांची ओळख असलेली गंधग्रंथी त्यांना नसते, हा इशारा खरं तर आधीपासून समोरच होता.

गंमत पुढे आहे. आफ्रिकेतही ‘लिन्सांग’ आहेत, पोयाना प्रजातीचे, आणि दिसतातही तसेच. पण ते जेनेट या उदमांजरासारख्या प्राण्याचे जवळचे भाऊबंद, म्हणजे विव्हेरिडी कुळातलेच. नाव एक, रूप एक, घराणी दोन.

आफ्रिकेतल्या नँडिनिया या ‘ताड-उदमांजरा’चंही असंच, त्यालाही स्वतंत्र कुळ द्यावं लागलं.